अश्वचिकित्सेतील मात्रा आणि माप

घोड्याला वांती होत नाही. म्हणून पागेतल्या साळोत्र्याने बांबूच्या नळीने त्याच्या घशात जे एकदा ओतले, ते हितावह असो वा घातक, परत येण्याची सोय नसे. तरीही मात्रा ठरे ती बहुधा दर घोड्यामागे. समोरचे जनावर भीमथडीचे ठेंगणे तट्टू आहे की सरदाराच्या खास स्वारीचा उमदा अरबी आहे, याचा तारतम्यभाव साळोत्र्याच्या नजरेवर सोपवलेला असे. चुन्याच्या, मसाल्याच्या वा काढ्याच्या बाबतीत ही अदमासपंची खपून गेली. औषध थेट शिरेत घालण्याची वेळ आली, तेव्हा मात्र ती खपेना.

ती वेळ आपल्या देशात आणली सर्रा या रोगाने. १८८० साली डेरा इस्माइलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स याने रोगी घोड्यांच्या रक्तात त्याचे सूक्ष्म जंतू पाहिले. पुढे १८८९ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली, तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड याने याच रोगावर सोमलाचे प्रयोग चालवले, आणि १८९३ साली ती प्रयोगशाळा कुमाऊंतील मुक्तेश्वरास हलली. नंतर जर्मनीहून आलेले सुरामिन शिरेवाटे दिले जाऊ लागले, तेव्हा मात्रेचा खरा जाच कळला: थोडे कमी पडले तर जंतू तगून निबर होतात, थोडे अधिक झाले तर ओठ सुजतात आणि खूर आतून दाहाने ढिले पडून घोडा उभा राहीनासा होतो.

प्रतिजैविकांचे युग आले ते या धड्यानंतर. पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या कारखान्याने पेनिसिलीन स्वदेशी केले. पण माणसाच्या हिशेबाने भरलेल्या कुप्या घोड्यापुढे पासंगालाही पुरणाऱ्या नव्हत्या. दर किलोस बावीस हजार एकके हे आजचे प्रमाण धरले, तर साडेचारशे किलोच्या घोड्यास एका वेळी सुमारे एक कोटी एकके लागतात, आणि औषध रक्तातून तासाभराच्या आतच निम्मे होत असल्याने तीच मात्रा दर सहा तासांनी पुन्हा द्यावी लागते. शिवाय प्रोकेन मिसळलेले पेनिसिलीन केवळ स्नायूंसाठी. ते चुकून शिरेत गेले तर घोडा बेभान होऊन उधळतो वा जागीच कोसळतो. शिरेत द्यायच्या औषधाची सुई टोचायची तीही मानेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, कारण तेथे शीर आणि तिच्या खालची धमनी यांमध्ये स्नायूचा एक पदर आडवा असतो. जसजसे खाली उतरावे तसतसा हा आडोसा उरत नाही, आणि धमनीत गेलेले औषध क्षणात मेंदूकडे धावते.

एवढ्या दक्षतेनंतर वजनच चुकीचे धरले तर सारे मुसळ केरात! तबेल्यात काटा क्वचितच असे. म्हणून फितीने छातीचा घेर आणि खांद्यापासून बुडापर्यंतची लांबी सेंटिमीटरांत घेऊन, घेराचा वर्ग लांबीने गुणावा व सुमारे अकरा हजार नऊशेंनी भागावा, असा हिशेब रूढ झाला. एकशे ऐंशी घेर आणि एकशे पासष्ट लांबी असली, तर उत्तर साडेचारशे किलोच्या जवळ येते. मला हा कोष्टकाचा हिशेब औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा वाटतो, जरी इतिहासकार त्याची दखल घेत नाहीत.

जेंटामायसीन या प्रतिजैविकाची कथा पेनिसिलीनहून उलटी. ते आधी दर किलोस २.२ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा देत; पुढे कळले की हे औषध रक्तातील उंच शिखराने जंतू मारते, आणि सतत रेंगाळून मूत्रपिंड मात्र बिघडवते, म्हणून तीच ६.६ मिलिग्रॅमची बेरीज एकवार देणे रूढ झाले. नवजात शिंगराचा हिशेब आणखी निराळा: त्याच्या देहात पाण्याचा अंश अधिक, म्हणून किलोमागे मात्रा प्रौढ घोड्याहून मोठी लागते, पण ते हगवणीने शुष्क झालेले असेल तर आधी सलाईन चढवावे आणि मूत्रपिंडांचे काम तपासावे, मग औषधाच्या मात्रेला हात घालावा.