ओढ्याच्या तळाचा हिशेब

डोंगरातल्या ओढ्याकडे आपण पाहतो ते पाणी म्हणून. ओढ्यातल्या पोषकद्रव्यांच्या अभ्यासात शिरणाऱ्याने आधी तळ पाहायला शिकावे. विरघळलेले अमोनियम, नायट्रेट, फॉस्फेट पाण्यातून वाहत येतात आणि त्यांना अडवतात ते दगडांवरचे शेवाळ, कुजक्या पाचोळ्यातले जीवाणू व बुरशी, शिवाय काही प्रमाणात गाळाचे कण. अडवलेले कायमचे अडकत नाही. जीव मरतात, कुजतात, खाल्ले जातात; अणू सुटून पुन्हा प्रवाहात येतो आणि थोडा खाली जाऊन परत धरला जातो.

म्हणूनच ‘किती धरले’ यापेक्षा ‘किती अंतरात धरले’ हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. न्यूबोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हे अंतर मोजण्याची रीत मांडली. पुढे टेनेसीतल्या वॉकर ब्रँच या रानओढ्यात त्यांनी किरणोत्सारी फॉस्फरस सोडून त्याचा माग काढला. १९८३ साली छापलेले आकडे असे: एका फेऱ्यात फॉस्फरसचा अणू सुमारे १९० मीटर खाली सरकतो, त्यातले १६५ मीटर पाण्यात विरघळून, उरलेले कण आणि जीवांबरोबर. फेऱ्याला लागतात सुमारे १८ दिवस. एवढे अंतर पाणी काही तासांत कापते. म्हणजे बाकी सगळा मुक्काम तळाशी. बाटलीभर पाणी तपासून ओढ्याची परीक्षा करणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

तळाची भूक ऋतूप्रमाणे बदलते. वॉकर ब्रँचमध्ये शरदात पाने गळली की पाचोळ्यावरचे सूक्ष्मजीव पोषकद्रव्ये ओढून घेतात. वसंतात झाडांना पालवी फुटण्याआधी ऊन थेट पाण्यावर पडते, तेव्हा हेच काम शेवाळ करते.

२००१ साली पीटरसन व सहकाऱ्यांनी पोर्तो रिकोपासून अलास्कापर्यंतच्या बारा ओढ्यांतील नायट्रोजनचा अभ्यास जड समस्थानिक वापरून प्रसिद्ध केला. नायट्रोजन सर्वांत चटकन उचलला जात होता तो अगदी लहान ओढ्यांत. कारण साधे: पाणी उथळ, त्यामुळे त्याच्या वाट्याला तळ जास्त. नकाशावर ज्यांना रेघही मिळत नाही असे हे ओढे बुजवताना आपण काय गमावतो, याची कल्पना यावरून यावी.

एक सावधगिरी. प्रवाह वाढला की अंतर आपोआप लांबते, म्हणून दोन ओढ्यांची तुलना नुसत्या अंतरावरून करू नये. खोली आणि वेगाचा हिशेब घालावाच लागतो. शिवाय बाहेरून खत घालून मोजले, तर तळाची भूक भागत जाते आणि अंतर खऱ्याहून मोठे दिसते. समस्थानिकांची महागडी वाट धरावी लागते ती यासाठी.

नवख्या वाचकाने या विषयावरच्या पुस्तकातल्या गणिताच्या प्रकरणांना बिचकू नये. आधी जवळच्या ओढ्यात थोडे मीठ विरघळवून सोडावे आणि खालच्या अंगाला वाहकतामापक धरून बसावे. मिठातला क्लोराइड जीव फारसे उचलत नाहीत, त्यामुळे झिरपून आलेल्या पाण्याने प्रवाह किती पातळ झाला ते कळते. पोषकद्रव्याची घट त्याहून जास्त भरली, तर ती तळाने घेतलेली. हे एकदा स्वतः करून पाहा, मग पहिले प्रकरण उघडा.