पीएचपी : अपलोडची प्रगती

मोठी फाइल ब्राउझरमधून सर्व्हरवर चढत असताना तिचा किती भाग पोचला हे दाखवण्याची पीएचपी या स्क्रिप्टिंग भाषेतील सोय. वेबवरील फॉर्ममधून फाइल पाठवण्याची रीत आरएफसी १८६७ या दस्तऐवजाने १९९५ मध्ये मांडली. रॅसमस लेरडॉर्फ यांनी पीएचपीची पहिली साधने जाहीर केली तीही त्याच वर्षी.

खरी अडचण पीएचपीच्या घडणीत आहे. येणारे बाइट इंजिन तात्पुरत्या फाइलीत साठवते आणि सगळे आल्यावरच स्क्रिप्ट सुरू करते. त्यामुळे जिच्यासाठी फाइल येते, त्या स्क्रिप्टला प्रगती सांगता येत नाही. ती दुसऱ्या विनंतीने विचारावी लागते. ५.२ आवृत्तीत इंजिनात त्यासाठी हुक आला, पण वापरायला एपीसीसारखे एक्स्टेन्शन लागे. मार्च २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून ही माहिती थेट सेशनमध्ये, म्हणजे त्या वापरकर्त्यासाठी सर्व्हरवर ठेवलेल्या माहितीत, नोंदली जाऊ लागली.

फॉर्ममध्ये ठरावीक नावाचे एक लपलेले फील्ड ठेवावे लागते, तेही फाइलच्या फील्डच्या आधी. नंतर ठेवले तर नोंद होतच नाही. अपलोड चालू असताना ब्राउझर थोड्या थोड्या वेळाने दुसऱ्या स्क्रिप्टला विचारतो. ती स्क्रिप्ट आलेले बाइट आणि एकूण बाइट सेशनमधून वाचून टक्केवारी देते. एकूण आकडा संपूर्ण विनंतीचा असल्याने फाइलीच्या आकारापेक्षा किंचित मोठा असतो. अपलोड संपताच नोंद पुसली जाते, म्हणून ती न सापडणे म्हणजे बिघाड असे धरू नये. सेशनमध्ये रद्द करण्याची खूण केली की अपलोड मध्येच थांबवताही येते.

सर्वांत फसवी चूक पीएचपीच्या बाहेर घडते. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर नेहमीच्या मांडणीत सगळी विनंती आधी स्वतःकडे साठवून मग पीएचपीला देतो. त्यामुळे प्रगती दाखवणारी पट्टी शून्यावर अडते आणि शेवटी एकदम शंभरावर जाते. अशी पट्टी नसलेलीच बरी, कारण वाट पाहणारा माणूस तिच्यावर विश्वास ठेवून पान पुन्हा उघडतो आणि चाललेले अपलोड तुटते. एन्जिनएक्सचे हे आधी साठवणे, म्हणजे बफरिंग, बंद करता येते.

मर्यादाही तपासाव्यात : एका फाइलीला मुळात २ एमबी, संपूर्ण विनंतीला ८ एमबी. दुसरी ओलांडली तर स्क्रिप्टला फॉर्मच रिकामा दिसतो. तुटलेले अपलोड तिथूनच पुढे नेण्याची सोय या यंत्रणेत नाही. त्यासाठी ब्राउझरमध्येच फाइलीचे तुकडे करून एकेक पाठवावा आणि सर्व्हरने पोच दिलेले तुकडे मोजून पट्टी सरकवावी.