युवराज शंभूराजे : ग्रंथकार आणि राजा

नेपानगरच्या कागद गिरणीची धुराडी उभी राहण्याच्या पावणेतीनशे वर्षे आधी या परिसराने मराठी फौजेच्या टापा ऐकल्या होत्या. १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर संभाजीराजांना राज्याभिषेक झाला आणि पुरता पंधरवडा उलटण्याच्या आतच मराठे बऱ्हाणपुरावर येऊन धडकले. बहादुरपुरा व इतर पुरे तीन दिवस लुटले जात होते. मोगलांच्या दख्खनचे हे नाके, आणि तेथेच नव्या छत्रपतींच्या फौजेने पहिला घाव घातला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खुद्द औरंगजेब बऱ्हाणपुरास येऊन उतरला.

ज्या राजाच्या नावाने ही स्वारी झाली, तो संस्कृत ग्रंथाचा कर्ता होता, हे मात्र आपल्याकडे फार उशिरा ध्यानी आले.

१४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या या राजपुत्राच्या वाट्याला निवांत बालपण आले नाही. दुसऱ्या वर्षी मातृवियोग, आठव्या वर्षी पुरंदरच्या तहाची झळ, नवव्या वर्षी आग्रा. अशा धकाधकीत विद्याभ्यास साधला याचेच नवल वाटावे. ‘बुधभूषणम्’ हा त्या अभ्यासाचा पुरावा. तीन अध्यायांच्या या ग्रंथात साडेआठशेहून अधिक श्लोक आहेत. पहिल्या अध्यायात देवस्तुती, आजा शहाजीराजे व पिता शिवाजीराजे यांचे वर्णन आणि सुभाषिते येतात. दुसरा, सर्वांत मोठा, राजनीतीचा: राजा, अमात्य, कोश, दुर्ग, सैन्य. सारेच श्लोक स्वरचित नाहीत. प्राचीन ग्रंथांतून वेचलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. काय वेचावे, यातही विद्वत्ता लागते. ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’ आणि ‘सातसतक’ या व्रज भाषेतील रचनाही त्यांच्या नावावर आहेत.

व्हिएतनामच्या न्गुएन घराण्यातील राजपुत्र मिएन थाम (१८१९–१८७०) हाही कवी म्हणून ख्यात आहे. पण त्याच्यावर सिंहासनाचे ओझे कधी पडले नाही. शंभूराजांना ती मोकळीक नव्हती. १६७८ च्या अखेरीस ते दिलेरखानाच्या गोटात गेले आणि वर्षभरात परतले. हा डाग पुसण्याचा खटाटोप करू नये. पण तेवढ्यावरच माणूस मोजावा काय? मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने त्यांचे चित्र काळ्या शाईने रंगविले. ती बखर एकोणिसाव्या शतकारंभीची, म्हणजे राजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली. आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ मध्ये संभाजीराजांनीच देहदंड दिला होता. साक्षीदार कोण, हे पाहिल्यावाचून साक्ष मानणे बरे नव्हे. नाटककारांनी मात्र ती दीर्घकाळ मानली.

१९२६ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ह. दा. वेलणकर यांनी संपादिलेले ‘बुधभूषणम्’ छापले. पुढे वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६० मध्ये आले आणि डॉ. कमल गोखले यांनीही हा विषय कसून तपासला, तेव्हा कोठे पारडे हलले.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी राजे पकडले गेले, तेव्हा सोबत कवी कलश होता. ११ मार्चला भीमा-इंद्रायणीच्या काठी दोघांचाही वध झाला. राजांचे वय बत्तिसाच्या आत होते.