आपल्याच शहरातील परके विद्यापीठ

सेऊल शहरात देहाङ्नो नावाचा एक रस्ता आहे. या नावाचा अर्थ ‘विद्यापीठ मार्ग’. आज मात्र तेथे नाट्यगृहांची गर्दी आहे. ज्या विद्यापीठावरून हे नाव पडले, त्याचा मुख्य परिसर १९७५ साली ग्वानाक डोंगराच्या पायथ्याशी हलला. कोरियात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आता दोन लाखांपलीकडे गेली आहे. त्यांच्यातील बहुतेकांना प्रथम कोरियन भाषेचा उंबरठा ओलांडावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावरच्या विद्यापीठात त्या भाषेला कोणते स्थान होते, हे सांगणारा हा धागा.

१९१० साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला. कोरियात विद्यापीठ नव्हते. ज्याला ते शिक्षण हवे, त्याने समुद्र ओलांडून तोक्यो गाठावे, अशी स्थिती. १९२२-२३ मध्ये ई सांग-जे आदी पुढाऱ्यांनी लोकवर्गणीतून विद्यापीठ उभारण्याची चळवळ हाती घेतली. एक कोटी कोरियनांनी प्रत्येकी एक वोन द्यावा, अशी हाक होती. मराठी वाचकाला येथे पैसाफंडाची आठवण व्हावी. परंतु पूर आला, पाठोपाठ दुष्काळ आला, सरकारची वक्रदृष्टी तर होतीच, निधी जमेना.

चळवळ विझत असतानाच सरकारने स्वतःचे विद्यापीठ काढले. जपानी लोक सेऊलला ‘केइजो’ म्हणत; म्हणून हे केइजो साम्राज्य विद्यापीठ. १९२४ मध्ये पूर्वतयारीचे वर्ग सुरू झाले, १९२६ मध्ये विधी-साहित्य आणि वैद्यक या दोन शाखा. अध्यापन जपानीतून होई. कोरियाच्या राजधानीतील या विद्यापीठात कोरियन विद्यार्थी साधारण एक तृतीयांशच होते. घरून पायी येणारा सेऊलचा मुलगा फाटकातून आत शिरला की जणू परदेशात दाखल होई. १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठाशी तुलना सुचते खरी, पण ती फार ताणता येत नाही: मुंबईच्या वर्गांत राज्यकर्त्यांची मुले बहुसंख्य नव्हती.

त्या विद्यापीठात कोरियन भाषा व साहित्याचा विभागही होता. तेथील प्राध्यापक ओगुरा शिम्पेई हे जपानी. जुन्या कोरियन भाषेचे ते मोठे अभ्यासक, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही आपल्या मातृभाषेचा इतिहास परक्या भाषेतून शिकण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांची मनःस्थिती काय असेल? अशांपैकी एक ई ही-सुंग. तिशी उलटल्यावर, १९३० साली त्यांनी या विभागाची पदवी घेतली आणि पुढे ते कोरियन भाषा मंडळाच्या कोशकार्यात सामील झाले.

तोवर काळ पालटला होता. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली. १९४२ मध्ये पोलिसांनी मंडळाच्या सभासदांची धरपकड केली. शब्दकोश रचणे हा स्वातंत्र्याचा कट ठरला. ई युन-जे आणि हान जिंग हे दोघे तुरुंगातच मरण पावले. ई ही-सुंग सुटले ते ऑगस्ट १९४५ मध्ये, जपानच्या शरणागतीनंतर.

कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले होते. ते नष्ट झाले असेच सर्वांनी गृहीत धरले. सप्टेंबर १९४५ मध्ये ते सेऊल स्थानकाच्या गोदामात सापडले: हजारो पाने. १९४७ मध्ये पहिला खंड निघाला, सहावा व अखेरचा १९५७ मध्ये. दरम्यान १९४६ साली केइजोच्या जागेवर सेऊल राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले होते आणि ई ही-सुंग तेथे प्राध्यापक होते. जेथे ते जपानीतून शिकले, तेथेच आता ते कोरियनमधून शिकवू लागले.

परदेशी माणसांना कोरियन शिकवण्याची योन्से विद्यापीठातील संस्था १९५९ ची; तेथील आरंभीचे विद्यार्थी मुख्यतः मिशनरी. १९६७ पासून सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यार्थी येऊ लागले. टोपिक ही भाषापरीक्षा १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा परीक्षार्थी तीन हजारांहूनही कमी होते. २००४ साली सरकारने ठरवले की २०१० पर्यंत पन्नास हजार परदेशी विद्यार्थी आणायचे. ते लक्ष्य मुदतीआधीच मागे पडले. २०२३ मध्ये जाहीर झालेले लक्ष्य २०२७ पर्यंत तीन लाखांचे आहे.

या आतिथ्यामागे गाणी आणि मालिकांची लोकप्रियता आहे, हे सर्वज्ञात आहे. रिकामे बाक मात्र फारसे कोणी मोजत नाही. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ पर्यंत उतरला. शुल्क २००९ पासून अनेक वर्षे जवळजवळ गोठलेले होते. चेरी दक्षिणेकडून उत्तरेकडे फुलत जाते, त्याच क्रमाने विद्यापीठे बंद पडतील, असे तेथे उपहासाने म्हटले जाते. दक्षिणेकडील प्रांतांतल्या अनेक महाविद्यालयांना चीन आणि व्हिएतनाममधून येणारी मुले हवी आहेत ती या भयापोटी. भाषेची अट किती कडक ठेवायची, हा वादही तेथूनच उद्भवतो: अट सैल केली तर व्याख्यान न समजणारी मुले वर्गात बसतात, आवळली तर बाक रिकामे राहतात. मधल्या काळात इंग्रजीतून अध्यापनाचा आग्रहही झाला, तेव्हा आपल्याच देशात परक्या भाषेतून शिकण्याची पाळी कोरियन मुलांवर पुन्हा एकदा आली.

शिष्यवृत्तीधारकाला बहुधा पहिले वर्ष केवळ भाषेसाठी दिले जाते. त्या वर्षाच्या शेवटी टोपिकची तिसरी पातळी गाठली, तर पदवीचा वर्ग उघडतो.