केपचा दाखला

साल १९२०. पावसाळा सरलाय, बंदरं पुन्हा उघडली आहेत. भरतीच्या पाण्यावर बाणकोटहून निघालेला मचवा तुम्हाला सावित्रीच्या खाडीतून म्हाप्रळला आणून सोडतो. तिथून मंडणगडपर्यंत चढाची वाट, पायी. सोबत दीर आहे, गावचे काझी आहेत, कडेवर मुलगा आहे आणि काखेत कापडात बांधलेले कागद. मंडणगड अजून तालुका झालेला नाही. तो दापोली तालुक्याचा पेटा आहे आणि इथल्या कचेरीत महालकरी बसतात. केप टाउनमध्ये दुकान चालवणारा माणूस तुमचा नवरा आहे, एवढं त्यांच्यापुढे शाबीत करायला तुम्ही आला आहात.

गावात हे कधी कुणाला सांगावं लागलं नाही. निकाहाला सगळा मोहल्ला जेवून गेला होता. इथे कारकून बोरू उचलतो आणि मोडीत लिहायला लागतो. निकाह कुठे झाला? मेहर किती ठरला? वकील कोण, साक्षीदार कोण? नवऱ्याला दुसरी बायको आहे का? या शेवटच्या प्रश्नाला दीर मान वर करतो, पण उत्तर तुम्हीच देता: नाही.

मग मुलाचं वय विचारतात. तुम्ही सांगता, ते रमजानच्या आधी आले, बकरी ईद करून गेले, त्याच्या पुढच्या पावसात हा झाला. कारकुनाला इंग्रजी महिना हवा असतो. तो बोटांवर मोजतो, पुन्हा मोजतो. नवरा केपहून येताना ठरावीक मुदतीचा परवाना घेऊन आला होता. त्यावर त्याचा फोटो आहे, अंगठ्याचा ठसा आहे, निघाल्याची तारीख आहे. मुदत टळली तर परतीचं दार बंद, म्हणून तो घाईनं गेला. आता त्या तारखा आणि मुलाचा जन्म यांचा मेळ बसला पाहिजे. मोठ्यानं कुणी काही बोलत नाही. पण काय मोजलं जातंय ते तुम्हाला कळतं, काझींना कळतं, दिराला कळतं.

लग्न खरं का, हा प्रश्न महालकऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. तो कुठून आला हे पाहायचं तर सात वर्षं मागे आणि समुद्रापार जावं लागेल.

१४ मार्च १९१३, केप टाउन. तुम्ही न्यायालयात मागच्या बाकावर आहात. पोर्ट एलिझाबेथच्या हसन इसप यांनी हिंदुस्थानातून आपली पत्नी बाई मरियम यांना आणलं आणि अधिकाऱ्यांनी त्यांना उतरू दिलं नाही. न्यायमूर्ती सर्ल निकाल वाचतात: ज्या धर्मात एकापेक्षा जास्त बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीनं झालेलं लग्न इथल्या कायद्याच्या लेखी लग्न नव्हे. बाई मरियम परत जाव्यात. एका बाईचा खटला होता, पण तडाखा सगळ्यांनाच बसला. दक्षिण आफ्रिकेतल्या हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका एका दुपारीत कायद्यानं कुणाच्याच बायका उरल्या नाहीत.

हा अपमान बायकांनी गिळला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिन्यांच्या सक्तमजुरीवर गेल्या. इकडे निधी गोळा करत, सरकारला जाब विचारत गोपाळ कृष्ण गोखले झटत होते. ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, गुहागरकडच्या कोतळूकचा जन्म. आदल्या वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिका फिरून आले होते. १९१४ मध्ये तिथे इंडियन रिलीफ ॲक्ट झाला आणि एका नवऱ्याची एक बायको मान्य झाली. १९१८ मध्ये लंडनच्या साम्राज्य युद्ध परिषदेनं ठराव केला: वसाहतीत कायम वसलेल्या हिंदी माणसाला बायको आणि अज्ञान मुलं आणता येतील, पण बायको एकच, आणि ती त्याची कायदेशीर बायको असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारनं द्यायचा.

म्हणून तुम्ही मंडणगडच्या कचेरीत उभ्या आहात.

काखेतली पुरचुंडी आता सोडा. निकाहाच्या नोंदीची नक्कल वर ठेवा. तिच्याखाली त्याची पत्रं. त्यावरचे केपचे शिक्के वाचता येतायत. त्याखाली मनीऑर्डरीची कुपनं, एकही न टाकलेली. महालकरी पत्रं वाचत नाहीत, तारखा बघतात. तुम्ही एकत्र राहिल्याचा काळ या गठ्ठ्यात फार थोडा आहे. वेगळं राहून संसार चालवल्याचा पुरावा मात्र इतका आहे की टेबल भरून जातं. ते चौकशीचा कागद रत्नागिरीला पाठवतील. जहाज मिळायला अजून कितीतरी महिने लागतील.

पुढे झपाट्यानं या. १९५३ ला फक्त क्षणभर थांबा: त्या साली दक्षिण आफ्रिकेनं कायदा बदलला आणि त्यानंतर लग्न करून आलेल्या हिंदुस्थानी बायकांना दार लावून घेतलं. ज्यांचे कागद तयार नव्हते त्या इकडेच राहिल्या, नवरे तिकडे.

आता आजचं मंडणगड. एसटी डेपोच्या मागच्या खोलीत तुम्ही फाइल लावताय. नवरा न्यू जर्सीत आहे, अमेरिकेचा नागरिक. त्यानं भरलेला आय-१३० अर्ज मंजूर झालाय, मुलाखत मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात आहे आणि खिडकीपुढे तुम्हाला एकटीलाच उभं राहायचंय. मराठीत बोललं तरी चालतं.

निकाहनामा एकटा पुरत नाही. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी करून नमुना ‘ई’चा दाखला घ्या. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं गावातच ही सोय आहे. घ्यायच्या आधी त्यावरची नावं पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव यांचा घोळ ठरलेला, आणि दाखला हातात पडल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे वेगळीच वणवण. मराठी किंवा उर्दू कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. जन्माचा दाखला, पोलिसांचा दाखला, नवऱ्याचं उत्पन्न दाखवणारा आय-८६४, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडची तपासणी. कुणाचा आधी तलाक झाला असेल तर त्याचा कागद. एवढं झालं की उरतं ते खरं काम.

मैत्रिणी सांगतात, फोनवर प्रश्नांच्या याद्या मिळतात, पाठ कर. नवऱ्याच्या टूथब्रशचा रंग, पलंगाची बाजू. तिकडे जोडप्याला वेगवेगळं बसवून तसलेही प्रश्न विचारतात, हे खरं आहे. पण तुम्ही तिथे अजून राहिलेलाच नाहीत. लग्नानंतर तो महिनाभर इथे होता, मग सुट्टी संपली. न पाहिलेल्या पलंगाचं उत्तर पाठ केलंत तर खऱ्या लग्नालाही खोटेपणाचा वास येईल. हसतमुख फोटोंचा नवा अल्बम काढून आणण्यापेक्षा जे आहे ते लावा: बँकेत महिन्याच्या महिन्याला आलेले पैसे, रात्री अकराच्या व्हिडिओ कॉलची नोंद, त्याचं विमानाचं तिकीट, वलीम्याच्या फोटोत मागे उभे असलेले दोन्हीकडचे नातलग, भांडण झालं त्या आठवड्यातले संदेशसुद्धा. तारखांच्या क्रमानं. कोकणातल्या बायकांनी शंभर वर्षं असेच संसार केलेत, नवरा मुंबईला, बोटीवर, कुवेतला, केपला. ते अर्धवट नव्हते. तुमचाही नाही.

खिडकीपलीकडचा अधिकारी विचारेल, किती दिवस एकत्र राहिलात? खरा आकडा सांगा आणि त्याच दमात पुढचं: तो कधी गेला, का गेला, त्यानंतर रोज काय बोलता, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुणाच्या सहीनं झालं. आठवत नसेल ते ‘आठवत नाही’ म्हणून सांगा.

व्हिसा मिळाला तरी फाइल मोडू नका. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर १९८६ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा असतो आणि लग्न खरं असल्याचा पुरावा पुन्हा द्यायचा असतो. तेव्हा मात्र एकत्र राहिल्याचे कागद लागतील. म्हणून पहिल्या महिन्यातच घरभाड्याच्या करारावर आणि बँकेच्या खात्यावर तुमचंही नाव घालून घ्या.