प्रवेशाच्या जागा आणि जातीचा रकाना



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो : "सर, मुसलमानांना कॉलेजात राखीव जागा आहेत का?" उत्तर 'नाही' असेही आहे आणि 'आहेत' असेही आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

२६ जुलै १९०२ रोजी करवीरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे मागासलेले, अशी व्याख्या होती. त्यात मुसलमान आलेच. पण नोकरी मिळायची तर आधी शिकायला हवे. म्हणून महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग त्यांपैकीच.

मद्रास इलाख्यात प्रवेशाच्या जागाच वाटून टाकल्या होत्या. मेडिकल व इंजिनिअरिंगच्या दर १४ जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना ६, मागास हिंदू, ब्राह्मण व हरिजन यांना प्रत्येकी २, ख्रिश्चनांना १ आणि मुसलमानांना १. चंपकम दोराईराजन या बाईंनी या वाटणीविरुद्ध दाद मागितली आणि ९ एप्रिल १९५१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यावरून सरकारी वा अनुदानित संस्थेत प्रवेश नाकारू नये, असे घटनेचे २९(२) कलम सांगते. अवघ्या दोन महिन्यांत घटनादुरुस्ती होऊन १५(४) कलम आले. त्यातील शब्द नीट वाचा : 'सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेले वर्ग'. धर्माचे नाव तेथे नाही. पुढचा सारा इतिहास या शब्दांवर चालला आहे.

(अमेरिकेत हाच वाद वंशावरून झाला. १९७८ साली तेथील सुप्रीम कोर्टाने मेडिकल कॉलेजातील १०० पैकी १६ राखीव जागा मोडल्या, पण वंशाचा विचार करण्यास मुभा ठेवली. जून २०२३ मध्ये ती मुभाही जवळजवळ संपली.)

आपल्याकडे १९९२ च्या मंडल निकालात, हिंदूंखेरीज इतर धर्मांतील मागास गटही यादीत येऊ शकतात, हे कोर्टाने स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी आहेत ते या न्यायाने. जुलै २०१४ मध्ये राज्याने यादीबाहेरच्या मुस्लिम गटांसाठी ५ टक्क्यांचा वटहुकूम काढला. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने नोकऱ्यांतील भाग थांबवला, शिक्षणातील मात्र चालू ठेवण्यास हरकत घेतली नाही. तरीही वटहुकुमाचा कायदा झाला नाही आणि तो डिसेंबरात आपोआप संपला. कोर्टाने दिलेले विधिमंडळात हरवले, याचे मला आजही वाईट वाटते.

आता आपल्या कुंभारीकडे या. मेडिकल कॉलेज गावातच आहे, विडी घरकुलातील मुली त्याच्या इमारती रोज पाहतात. असे कॉलेज खाजगी असले तरी राखीव जागा ठेवण्याचा कायदा सरकारला करता येतो. २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेले १५(५) कलम त्यासाठीच आहे. मग अडते कोठे? शाळेच्या जनरल रजिस्टरात. जातीच्या रकान्यात आपले लोक नुसते 'मुसलमान' लिहवून मोकळे होतात. "आमच्यात जात नसते," म्हणतात. दीनाच्या दृष्टीने ते खरे आहे. पण तहसील कचेरी बागवानाचा दाखला मागते आणि लिव्हिंग सर्टिफिकेटवर बागवान हा शब्दच नसतो! मग गुण असून मुलगी खुल्या यादीत जाते.

इतर मागासवर्गीयांच्या दाखल्यासाठी कुटुंबाचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो शोधण्याचे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, मूल आठवीत असतानाच हाती घ्या. वडील, चुलते, आत्या, आजोबा यांच्या शाळेतील नोंदी पाहा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांच्या गावचा जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मागा. तेथे जुन्या काळच्या कारकुनाने धंद्यावरून जात लिहिलेली पुष्कळदा सापडते.