तणावातला माणूस आणि परक्याचं दुखणं

दवाखान्यात सिस्टरवर ओरडणारा नातेवाईक, पेशंट सावरला की ओशाळून माफी मागतो. आम्ही डॉक्टर हे नेहमी पाहतो. माणूस तोच असतो. मग मधल्या दोन दिवसांत त्याला झालेलं असतं तरी काय?

१९१५ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी भीती आणि राग यांत शरीरात काय घडतं यावर पुस्तक लिहिलं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, स्नायूंना जास्त रक्त मिळतं. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. पण शेजारच्या माणसाशी आपण तेव्हा कसे वागतो, हा प्रश्न त्यात नव्हता.

१९७३ साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना छोटं भाषण करायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली गोष्ट: वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा शोमरोनी माणूस! आणि यांच्याही वाटेत एक माणूस मुद्दाम बसवलेला होता, मान खाली घालून कण्हत, खोकत. भरपूर वेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी ६३ टक्के मदतीला थांबले. उशीर झालाय असं ऐकलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. मला आकड्यांपेक्षा दुसरीच नोंद बोलकी वाटते. न थांबता गेलेल्यांपैकी काही जण पोहोचले तेव्हा अस्वस्थ दिसत होते.

तणावात माणूस नेहमी असाच वागतो का? तर नाही. २००० साली शेली टेलर यांनी असं मांडलं, की संकटात माणसं, विशेषतः स्त्रिया, मुलांना जपतात, मैत्रिणींना धरून राहतात.

मग फरक कुठे पडतो? २०१५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून एक दुवा मिळाला. बर्फगार पाण्यात सोबत मित्रानेही हात घातला की आपल्यालाही जास्त दुखतं. अनोळखी माणूस असेल तर नाही. कारण परक्याची नुसती हजेरीही थोडा ताण देते. कॉर्टिसॉल बनणं रोखणारं औषध दिल्यावर परक्याचं दुखणंही जाणवू लागलं. आणि गंमत म्हणजे, दोघा अनोळखी लोकांना पंधरा मिनिटं एकत्र व्हिडिओ गेम खेळू दिला, तरी तेच झालं.

आमच्याकडे ऑपरेशनआधी सिस्टर नातेवाइकांना स्वतःचं नाव सांगतात आणि जरा वेळ त्यांच्याजवळ बसतात.